विजेचा लिलाव आणि थांबलेले चक्र

सात धबधब्यांचे एक डोंगरी राज्य होते. प्रत्येक धबधब्याखाली एक वीजघर होते, पण कोणाची वीज घ्यायची आणि केवढ्याला, हे राजवाड्यातला कारभारी ठरवायचा. ज्याच्या घरून फळांची परडी येई, त्याची वीज आधी. गावाने आपले महागडे दिवे लावावेत आणि गप्प बसावे.

नवी राणी गादीवर आली आणि तिने ही मनमानी मोडली. वीजघरांच्या विजेची मोजणी करणाऱ्या सगुणाला तिने बोलावले. "यापुढे वीज लिलावाने घ्यायची. नियम तू कर."

सगुणाने तीन महिने डोके खपवले. रोज सकाळी प्रत्येक मालकाने बंद पाकिटात आपला दर द्यायचा. पाकिटे भर चौकात फोडायची. सर्वांत स्वस्त वीज आधी, मग त्याहून महाग, अशी गावाची गरज भागेपर्यंत घ्यायची. शेवटी जी घेतली जाईल, तिचा दर सगळ्यांना मिळायचा. स्वतः कमी दर लिहिला तरी पैसे त्या शेवटच्या दरानेच मिळत, त्यामुळे आपला खरा खर्च लिहायला कोणी कचरत नसे. पहिल्याच दिवशी वीज निम्म्या दरात आली. सगुणाची मान ताठ झाली, आणि का होऊ नये?

फक्त एक सल होता. सगळ्यांत जुने, खर्चिक वीजघर तिच्या वडिलांचे, बाळोजींचे होते. लिलावात त्यांचा नंबर काही लागेना. ते वीजघराचे थांबलेले चक्र पुसत बसायचे. पाहून सगुणाचा जीव तुटायचा.

महिन्याभराने एकदम दर चढला आणि बाळोजींचा नंबर लागला! म्हातारा हरखून गेला. "पोरी, तुझ्या नियमानंच मला हात दिला बघ."

सगुणा मात्र बुचकळ्यात पडली. गावाची गरज वाढली नव्हती, मग दर का वाढावा? ती एकेक धबधबा पाहत निघाली. धनाजीरावांची तीन वीजघरे होती. त्यांतले तिसरे बंद होते आणि पाणी बाजूने फुकट वाहत होते.

"बिघडलंय का?" तिने विचारले.

"बिघडतंय कशाला?" धनाजीराव हसले. "हे बंद ठेवलं की गावाला महागातली वीज घ्यावी लागते, आणि माझ्या उरलेल्या दोन्हींना चढा दर मिळतो. नियम तुझाच, मी मोडला कुठं? शिवाय तुझ्या वडिलांचंही भलंच झालं. उगाच कशाला बोलतेस?"

सगुणाने रात्रभर विचार केला नाही. विचार करण्यासारखे काही उरलेच नव्हते. दुसऱ्या सकाळी पाकिटे फुटण्याआधी ती चौकात राणीसमोर उभी राहिली.

"राणीसाहेब, या नियमात भोक राहिलंय, आणि ते माझ्या हातून राहिलंय." तिने सारे सांगितले आणि तिथल्या तिथे नवे कलम मांडले. चालू शकणारे प्रत्येक चक्र लिलावात उतरलेच पाहिजे. बिघाड झाला म्हणणाऱ्याने तो पंचांना दाखवायचा.

राणीने मान डोलावली. त्याच सकाळी दर उतरला आणि बाळोजी लिलावाबाहेर गेले.

कारभाऱ्याला उकळ्या फुटल्या. "काय बाळोजी, पोरीनं तुमच्याच पोटावर पाय दिला की!"

बाळोजींचे डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता. "कारभारी, वीजघरं या राज्यात सात आहेत. स्वतःची चूक भर चौकात सांगणारी एकच आहे, आणि ती माझी लेक आहे."

तात्पर्य: नियम करणाऱ्याचा मोठेपणा नियम बिनचूक असण्यात नाही, त्यातली चूक आपल्या फायद्याची असली तरी ती आपणहून सांगून सुधारण्यात आहे.