मैनाबाईची मागणी

करणखेड संस्थानात काचेची पहिली भट्टी पेटून दोनच वर्षं झाली होती. तिथल्या कंदिलाच्या काचा महाग पडत, म्हणून महाराजांनी परदेशी काचेवर जकात बसवली होती. ती उठवून घ्यायला एक परदेशी व्यापारी दरबारात आला.

"महाराज, राजानं धंद्यात हात घालू नये," तो म्हणाला. "ज्याचा माल चांगला, त्याचा खपावा. आमच्याकडे हीच रीत आहे."

महाराज विचारात पडले. भट्टीची मुख्य कारागीर मैनाबाई कासार तिथंच उभी होती. जकात उठली तर भट्टीवरची चाळीस घरं उघड्यावर येणार, हे तिला दिसत होतं. तिनं हात जोडले.

"साहेबांचं मला पटलं. जकात आजच उठवा. फक्त साहेबांनी त्यांचा एक कारागीर वर्षभर आम्हाला शिकवायला द्यावा."

"ते कसं शक्य आहे?" व्यापारी बोलून गेला. "कारागीर देशाबाहेर गेला, तर आमचे राजेसाहेब त्याला तुरुंगात टाकतात."

"मग महाराज," मैनाबाई शांतपणे म्हणाली, "धंद्यात हात घालू नये, हे साहेबांनी आधी त्यांच्या राजाला सांगून यावं. तोवर आपली जकात राहू द्या."

महाराज हसले आणि मैनाबाईला म्हणाले, "पाच वर्षं जकात ठेवतो. पुढं तुझं तू बघायचंस."

"चार पुरेत," मैनाबाई म्हणाली.