गव्हाणीतल्या काड्या

फार मागं, इतकं मागं की तेव्हाची माणसं गेली, त्यांनी लावलेले माडही गेले, समुद्राच्या काठाला एक गाव होतं. तिथली गोष्ट आहे. पोरांनो, तुम्ही ऐका. आणि मोठ्यांनो, तुम्ही जास्त कान देऊन ऐका, कारण हिच्यात चूक पोराची नाही, तुमची आहे.

त्या गावात नाताळ आला की घराघरात येशूच्या जन्माचा छोटा गोठा करायचे. बाजारातून काही आणायचं नाही, सगळं हातानं. बापानं बांबूच्या कामट्या तासायच्या, आईनं खळ शिजवायची, पोरांनी मातीची मेंढरं वळायची. मेंढराला पाय तीन झाले तरी चालायचं, पण पोराचं मेंढरू मोठ्यानं सुधारायचं नाही. गोठ्यापुढं करवंटीत नाचणी पेरायची, सणापर्यंत तिचं हिरवं गवत व्हायचं.

आणि गोठ्याच्या मधोमध एक लाकडाची बारकी गव्हाण असायची. रिकामी. तिच्यात नाताळच्या रात्री मातीचा बाळ येशू निजवायचा. त्याच्या अंगाखाली पेंढा हवा ना? तो पेंढा घरातल्या पोरानं घालायचा. सणाआधीच्या दिवसांत पोराच्या हातून कुणाचं काही भलं झालं, की त्यानं गुपचूप भाताची एक काडी गव्हाणीत टाकायची. कुणी सांगायचं नाही, कुणी विचारायचं नाही. ही काडी कशाची, ती कशाची, हे पोराला ठाऊक आणि बाळ येशूला ठाऊक. तिसऱ्यानं नाक घालायचं नाही.

खरं सांगायचं तर गव्हाणी काही भरायच्या नाहीत. पोरं ती पोरं. बऱ्याच घरी बाळ जवळजवळ फळीवरच निजायचा. मग घरची माणसं हसायची, म्हणायची, यंदा येशूची पाठ धरणार. तेवढ्यावर विषय संपायचा. त्या हसण्यानं पोरं पुढच्या सालाला दोन काड्या जास्त टाकायची.

या गावात दुमिंग नावाचा केळीवाला होता. बाग मोठी, घर नीटनेटकं, बायको मोनी कामाची. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी त्यांना एक मुलगी झाली, कोंसू. डोळ्यांत तेल घालून वाढवलेली. माणूस वाईट नव्हता दुमिंग. वाईट माणसाची गोष्ट सांगून कुणाला काय उपयोग? त्याचं एकच दुखणं होतं. आपलं ते गावात उठून दिसलं पाहिजे.

कोंसू सहा वर्षांची झाली त्या सालचा नाताळ जवळ आला होता. रविवारी प्रार्थना आटोपून येशूच्या देवळातून बाहेर पडताना शेजारच्या जुजेनं त्याची चेष्टा केली. जुजेच्या घरी पोरांचं लेंढार, त्यामुळं त्याची गव्हाण दरसाल बऱ्यापैकी भरायची.

तो चार माणसांत म्हणाला, "दुमिंगा, तुझ्या बागेत केळी मावत नाहीत आणि बाळाच्या अंगाखाली काडी नाही. गेल्या साली वळ उठले असतील त्याच्या पाठीवर."

माणसं हसली. जुजे पण हसला आणि घरी जाऊन जेवला, विसरला. दुमिंग जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं पेंढ्याची पेंडी सोडली, चांगल्या लांब पिवळ्या काड्या निवडल्या, त्यांची जुडी बांधली आणि कमरेला खोचली. कोंसूला समोर बसवलं आणि सांगितलं, आता काडी मी देणार. तू चांगलं काम कर, मला दाखव, काडी घे. पण माझ्या डोळ्यांनी बघितलं तरच. यंदा आपली गव्हाण अशी भरायची की जुजेनं तोंडात बोट घातलं पाहिजे.

मोनी करंज्यांचं पीठ मळत होती. तिचे हात थांबले. ती म्हणाली, "पोरीची काडी पोरीला टाकू द्या. आपल्या घरात कधी कुणी राखण बसवली नाही गव्हाणीवर."

"म्हणून तर ती रिकामी राहते," दुमिंग म्हणाला. "पोरगी चांगली वागेल ना? मग तुझं काय जातं?"

मोनी गप्प बसली. तिनं गप्प बसायला नको होतं. पण घरात भांडण नको म्हणून बायका गप्प बसतात आणि मग त्याची किंमत सगळं घर भरतं.

पोरगी हुशार होती. पहिल्या दिवशी तिनं कोंबड्यांना पाणी ठेवलं, काडी मिळाली. आईचं सरपण आत आणलं, काडी मिळाली. तिला गंमत वाटायला लागली. बाप बागेत गेला की ती घरात नुसती बसून राहायची. बाप आला की तिचे हातपाय हलायचे. बाप विहिरीवर दिसला की ती बादली धरायला पळायची आणि बादली नीट धरलीये का हे बघायच्या आधी बापाचं तोंड कुठं आहे ते बघायची. एकदा तर तिनं शेजारणीच्या शेळीचं दावं स्वतःच सोडलं, शेळी केळीत घुसली, आणि बाप येताना दिसल्यावर हिनं ती धरून आणली. दुमिंगनं कौतुकानं काडी दिली. मोनीनं दावं कुणी सोडलं ते पाहिलं होतं. तिनं सांगितलं, तर तो म्हणाला, तुला आपल्या पोरीचं चांगलं बघवत नाही.

अशात एक गोष्ट घडली. लक्ष देऊन ऐका, सगळी गोष्ट हिच्यावर उभी आहे.

गावात पास्कूबाय म्हणून एक म्हातारी होती, दोन्ही डोळ्यांनी आंधळी. ती दुपारची ओढ्यापलीकडं बहिणीकडं जायला निघाली होती आणि ओढ्याच्या चिखलात अडकून उभी होती. कोंसू तिथून चालली होती. बाप जवळ नव्हता, कुणीच नव्हतं. तरी पोरीनं म्हातारीचा हात धरला, चिखलातून काढलं, पलीकडं नेलं, तिचे पाय धुतले. म्हातारीनं तिच्या तोंडावरून हात फिरवून विचारलं, कुणाची गं तू? कोंसू नाव न सांगताच पळाली, इतकी ती खूश होती.

घरी येऊन तिनं बापाला सांगितलं. झगा चिखलानं भरलेला, चेहरा फुललेला.

दुमिंग म्हणाला, "मी बघितलं का? नाही बघितलं. मग काडी नाही. असं कुणीही येऊन सांगेल."

"पण मी खरंच नेलं बाबा."

"नेलं असशील. पण ठरलं ते ठरलं."

त्याला वाटलं, आपण पोरीला शिस्त लावली. पोरगी घरामागं जाऊन रडली. मोनीनं एक काडी आणून तिच्या हातात दिली, म्हणाली, टाक, ही तुझीच आहे. कोंसूनं ती घेतली नाही. बापाच्या जुडीतली नव्हती ना ती. ती खोटी काडी झाली.

त्या दिवसापासून बाप नसेल तिथं पोरीनं बोट म्हणून हलवलं नाही.

सणाचा आदला दिवस उजाडला. गव्हाण काठोकाठ आली होती. दुमिंगनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, संध्याकाळी गोठा बघायला या. जुजेला तर मुद्दाम दोनदा सांगितलं. मोनी इतर बायकांबरोबर देऊळ झाडायला, सजवायला गेली. घरात बाप आणि लेक.

त्यांच्या घरची नाताळची चांदणी बागेच्या टोकाला, समुद्राकडच्या माडावर बांधायची रीत होती. होडीतून येणाऱ्याला ती लांबून दिसायची. कामट्यांची, तांबड्या कागदाची चांदणी बाप-लेकीनं मिळून केली होती. एक टोक कोंसूनं चिकटवलं होतं, ते जरा वाकडं होतं. दुमिंगनं ते काढून सरळ केलं होतं.

तो माडावर चढला. चांदणी बांधली. उतरताना मान वळवून ती कशी दिसते ते बघायला गेला आणि पाय निसटला.

खाली पडला तो पाय अंगाखाली घेऊन. मांडीचं हाड मोडलं, कातडी फाटून रक्त वाहायला लागलं. त्यानं हाका मारल्या. पण तिथं समुद्राचा आवाज, वारा, मध्ये सगळी केळीची बाग. कुणाला ऐकू जाणार? कोंसू तेवढी धावत आली.

तो कण्हत म्हणाला, "पळ पोरी. जुजेकाकाला बोलव. कुणाला तरी बोलव."

कोंसू पळाली. केळीच्या पहिल्या ओळीपर्यंत गेली, तिथं तिनं मागं वळून बघितलं, आणि परत आली.

"बाबा, तिथून तू दिसत नाहीस."

"मग?"

"मग तू बघणार कसा?"

दुमिंगला आधी कळलंच नाही पोरगी काय म्हणते ते. कळलं तेव्हा तो म्हणाला, नाही बघितलं तरी देईन काडी, दहा देईन, सगळी जुडी घे, पण जा. कोंसूनं मान हलवली. तिला पास्कूबाय आठवत होती. चिखलानं भरलेला झगा दाखवूनसुद्धा काडी मिळाली नव्हती. ठरलं ते ठरलं, हे बापानंच तिला शिकवलं होतं, आणि बापाचा शब्द ती मोडणार नव्हती.

पण ती दगड नव्हती, लक्षात ठेवा. बापावर तिचा जीव होता. ती माडाजवळच ठेवलेली पाण्याची कळशी घेऊन आली, त्याच्या तोंडात पाणी घातलं, आणि त्याच्या कमरेच्या जुडीतली एक काडी ओढून घेतली. केळीच्या पानानं वारा घातला, एक काडी घेतली. आपल्या झग्यानं त्याचा घाम पुसला, एक काडी घेतली. त्याच्या डोळ्यांसमोर जे जे करता येईल ते सगळं केलं. डोळ्यांआड जे करायला हवं होतं, तेवढं एक केलं नाही.

तो ओरडला, रडला, शिव्या दिल्या, पाया पडतो म्हणाला. पोरगी घाबरून रडायला लागली आणि अजून जोरात वारा घालू लागली. तिला कळत नव्हतं की आपण इतकं चांगलं वागतोय तरी बाबा का रागावतो.

मग त्याचे डोळे मिटले. तसा तिचा वारा थांबला. तिनं दोन बोटांनी त्याची पापणी वर केली आणि म्हणाली, "बाबा, डोळे उघड ना. मी वारा घालतेय."

दिवस कलला तेव्हा मोनी घरी आली. अंगणात जुजे आणि चार माणसं गव्हाण बघायला येऊन उभी होती. घरात कुणी नाही म्हणून सगळे बागेत शोधायला गेले. माडाखाली दुमिंग निपचित पडलेला आणि त्याच्या उशाला पोरगी, मुठीत काड्या घट्ट धरून.

जुजेनंच त्याला पाठीवर घेतलं. ज्याला खिजवायचं होतं त्याच्याच पाठीवरून तो घरी आला. वाटेत त्याला शुद्ध आली.

मोनीनं लेकीला विचारलं, "अगं, जुजेकाकाचं घर एवढ्यावर, धावत का नाही गेलीस?"

कोंसू म्हणाली, "तिथून बाबाला दिसलं नसतं."

दुमिंगनं ते ऐकलं.

हाडवैद आला. पाय बघून म्हणाला, लगेच बोलावलं असतं तर बसवला असता, आता जीव राहील, पाय राहणार नाही. मग त्यानं पायाखाली घालायला काही मऊ मागितलं. मोनी उठली, तिनं ती भरलेली गव्हाण उचलली आणि सगळी नवऱ्याच्या मोडक्या पायाखाली रिकामी केली. त्या रात्री देवळात घंटा वाजली तेव्हा त्या घरातला बाळ येशू कोऱ्या फळीवर निजला.

दुमिंग जगला. कुबडी घेऊन ओट्यापर्यंत येऊ लागला, त्याच्यापुढं नाही. बाग दुसऱ्याला कसायला दिली. पण पायाचं त्याला फार नव्हतं. खरं दुखणं पुढच्या नाताळला निघालं.

गोठा केला, गव्हाण ठेवली. दुमिंगनं पोरीला जवळ बसवून सांगितलं की मी चुकलो, आता कुणी बघणार नाही, कुणी विचारणार नाही, तुझी काडी तू टाक. कोंसूनं काडी हातात घेतली. बराच वेळ ती काडी फिरवत बसली. मग तिनं विचारलं, "कुणी बघणार नसेल तर ती कशाची?" आणि काडी पेंढ्यात परत ठेवून दिली.

चार दिवसांनी दुमिंग ओट्यावर केळीच्या घडांआड बसला होता. रस्त्यानं पास्कूबाय काठी आपटत येत होती. तिची काठी गटाराच्या काठाला लागली आणि ती थांबली. हात पुढं करून म्हणाली, कुणी आहे का गं तिथं?

कोंसू तिथंच होती, हातभर अंतरावर. पोरीनं रस्त्याच्या या टोकाला बघितलं, त्या टोकाला बघितलं. कुणी नव्हतं. बाप घडांआड बसलाय हे तिला दिसलं नाही. आणि म्हातारीला तर डोळेच नव्हते. पोरगी पाय न वाजवता म्हातारीच्या बाजूनं निघून गेली.

दुमिंगच्या तोंडाशी हाक आली होती. त्यानं मारली नाही. हाक मारली असती तर पोरगी धावत गेली असती, आणि तेच तर दुखणं होतं.

तो कुबडी घेऊन उठला, कसाबसा रस्त्यापर्यंत गेला आणि एका पायाचा माणूस आंधळ्या म्हातारीला गटारापलीकडं घेऊन गेला. त्या साली गव्हाणीत एकच काडी पडली, आणि ती पोरीची नव्हती.

पोराच्या चांगुलपणावर पहारा बसवू नका. पहारेकरी पडला, की चांगुलपणाही त्याच्या उशाला बसून राहतो.