पाणी कुणाचं?

तुमच्यापैकी कुणीतरी हे पाप केलेलं आहे. नाव घेत नाही. ज्यानं केलं त्याला ते माहीत आहे, आणि ज्याच्यावर केलं त्याला अजून कळलेलं नाही. हे पाप हसत हसत केलं जातं, लाडानं केलं जातं, आणि केल्यावर झोपही छान लागते. म्हणून तर ते कुणी कबूल करत नाही.

फार जुनी गोष्ट. तेव्हा बेडूक बोलत असत आणि माणसांना त्यांचं ऐकायला सवड असे. एका उंच माळावर एक गाव होतं. गावाखाली सगळा कातळ. कुदळ वाकायची, पण पाणी लागायचं नाही. पाणी होतं खाली दरीत, एका झऱ्याला. सकाळ-संध्याकाळ सगळं गाव घागरी घेऊन खाली उतरायचं आणि डोक्यावर पाणी घेऊन वर चढायचं.

या गावात एक तरुण पाथरवट राहत होता. त्याची बायको होती, आणि आठ वर्षांची एक लेक, सगुणी. पाटे, वरवंटे, जाती घडवणं हे त्याचं काम. जातं दळून दळून गुळगुळीत झालं की त्याला टाकीचे घाव घालून पुन्हा खरबरीत करावं लागतं. गावातल्या प्रत्येक जात्याला या पाथरवटाची टाकी लागलेली होती.

लोकांना पाणी आणणं म्हणजे कष्ट वाटायचे. या तिघांची मात्र ती रोजची सहल होती. उतरताना पैजा लागायच्या. खंड्या पक्षी आधी कोण पाहतो? ओघळीवरून पाय न भिजवता उडी कोण मारतो? कड्यासमोर उभं राहून हाक मारली तर कुणाची हाक जास्त वेळा परत येते? आणि चढताना सगळ्यात मोठी पैज असायची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाणी, हात मोकळे. घरी पोहोचल्यावर कुणाचं पाणी काठापासून कमी खाली गेलं?

आई पंच. ती बोटं लावून मोजायची.

"सगुणीची कळशी, चार बोटं. यांची घागर, सहा बोटं. सगुणी जिंकली!"

सगुणी अंगणभर नाचायची. "बाबा हरला! बाबा रोज हरतो!"

पाथरवट कपाळाला हात लावायचा. "काय करू, पायाखाली खडा आला."

"रोज तोच खडा येतो वाटतं," त्याची बायको म्हणायची. "अहो, एवढा दगडाचा माणूस, आणि खड्याला घाबरतो? पोरीला हरू द्या की कधीतरी."

"हरायला जन्म पडलाय तिचा," पाथरवट हळूच म्हणायचा. "आत्ता हसतेय तर हसू दे."

खडा नव्हताच. गावाच्या अलीकडे एक वळण होतं. तिथं हत्तीएवढी शिळा होती. सगुणी नेहमी पुढं पळायची. ती शिळेपलीकडे दिसेनाशी झाली की पाथरवट मान तिरकी करायचा आणि ओंजळ-दोन ओंजळी पाणी खाली सोडून द्यायचा. ज्या गावात लोक अंघोळीचं पाणी झाडाला घालतात, त्या गावात तो हे करायचा. पोरीच्या हसण्यापुढं पाणी काय मोठं?

रोज पाणी पडून पडून शिळेच्या बुडाशी हिरवळ उगवली होती. बाकीचा माळ करपलेला असताना तिथं शेवाळ होतं, गवत होतं, आणि एक लहानसं डबकं होतं. डबक्यात एक बेडूक राहायला आला होता.

"दादा, तुझ्यासारखा बाप बघितला नाही," बेडूक म्हणायचा. "केवढं मन तुझं! असाच हरत राहा."

पाथरवटाला ते ऐकायला बरं वाटायचं. बेडकाचं घर आपल्या हरण्यावर उभं आहे, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

त्या गावाची एक रीत होती. चैत्र लागला की गावकरी वेशीवर एक मोठा रांजण पुरायचे, येणाऱ्या-जाणाऱ्या वाटसरूंसाठी. त्यातली पहिली घागर गावातल्या एका मुलीची असायची. सगळ्या मुलींनी झऱ्यावरून पाणी आणायचं, वेशीवरचं शिंग वाजायच्या आत. जिचं पाणी सगळ्यात कमी सांडलं, तिचं पाणी पहिलं. मग पूर्ण उन्हाळाभर जो वाटसरू पाणी पिईल तो विचारायचा, "पाणी कुणाचं?" आणि वेशीवर जो कुणी असेल तो त्या मुलीचं नाव सांगायचा. दूरदूरचे लोक ते नाव घेऊन पुढच्या गावाला जायचे.

"या वर्षी माझंच नाव," सगुणी म्हणाली. "मी बाबाला रोज हरवते. बाकीच्या पोरी काय चीज आहेत!"

पाथरवटानं मनात हिशेब केला. चार बोटं पाणी सांडणारी पोर कुठं जिंकणार? आणि हरली तर? ज्या पोरीला हरणं कसलं ते ठाऊकच नाही, तिचं भर वेशीवर काय होईल? आता तरी खरं सांगावं, असं त्याला वाटलं. पण सांगायचं कसं? ‘बाळ, तू एकदाही जिंकली नाहीस,’ हे वाक्य त्यानं मनात दहा वेळा घडवलं आणि दहा वेळा फोडलं.

शेवटी तो सोप्या वाटेनं गेला. घरोघर गेला.

"पोरीचं मन आहे हो," तो प्रत्येक दारात म्हणाला. "तुमच्या पोरीला म्हणावं, शिळेच्या वळणावर जरा मान तिरकी कर. खेळच तर आहे."

त्याची टाकी प्रत्येक घरच्या जात्याला लागलेली. कोण नाही म्हणणार? लोक हसले, बरं म्हणाले.

शेवटचं घर एका गुराखिणीचं होतं. तिची लेक हौसा चार घरचं पाणी भरायची. तिच्या डोक्यावर घागर अशी बसायची, जशी झाडावर फांदी. दोन वर्षं ती एका बोटानं हरली होती, आणि वर्षभर ते एक बोट भरून काढायला अनवाणी चढत होती.

पाथरवटाचं बोलणं ऐकून गुराखिणीनं कोपऱ्यातल्या जात्याकडे बघितलं. मग म्हणाली, "तुमच्या हातचं जातं आहे घरात. नाही कशी म्हणू?"

तिच्या आवाजात काहीतरी होतं. पाथरवटानं ते ऐकलं, आणि न ऐकल्यासारखं केलं.

शर्यतीच्या सकाळी तो शिळेमागे लपून बसला. सगळं नीट होतंय ना, एवढं त्याला बघायचं होतं.

पोरी वर आल्या. एकेक वळणाशी थांबली, खुदकन हसली, मान तिरकी केली, पाणी सांडून पुढं गेली. पाथरवटाला हायसं वाटलं. मग हौसा आली. तिची घागर काठोकाठ होती. झोपेत चालावं तशी ती चालत होती, आणि पाण्यावर साधा तरंग नव्हता. वळणाशी ती थांबली. घागर उतरवून मांडीवर घेतली. थोडी कलंडली. जेवढं पाणी घागरीतून गेलं, तेवढंच तिच्या डोळ्यांतून आलं.

तेवढ्यात मागून धापा टाकत सगुणी आली. तिची कळशी डचमळत होती.

"अगं ए, सांडतेस काय? येडी का काय तू?"

"आईनं सांगितलंय."

"आईनं? कशासाठी?"

"तुझा बाबा आला होता. सगळ्यांकडं जाऊन आला." हौसानं पदरानं नाक पुसलं. "तू कच्चं लिंबू आहेस ना."

कच्चं लिंबू म्हणजे काय, हे पोरांना सांगावं लागत नाही. खेळात अगदी लहानग्याला घेतात, तो पळतो, ओरडतो, पण बाद झाला तरी त्याला बाद धरत नाहीत. त्याला वाटतं आपण खेळतोय. बाकीच्यांना ठाऊक असतं, तो खेळात नाही.

सगुणी हसली. "मी? कच्चं लिंबू? मी रोज बाबाला हरवते!"

"होय, होय," खालून आवाज आला. डबक्यातून बेडकानं डोकं वर काढलं होतं. "रोज इथंच हरतो तुझा बाप. अगदी न चुकता. आज अजून आला नाही, मी केव्हाचा वाट बघतोय."

बेडूक बिचारा कौतुकानंच बोलला. पण सगुणीचं हसू तिथंच थांबलं. तिनं खाली बघितलं. करपलेल्या माळावर एवढीच जागा हिरवी. ती कितीदा इथून गेली होती, आणि इथं गवत का आहे हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं.

शिळेमागे पाथरवटानं डोळे मिटून घेतले. आता ती रडेल, त्याला वाटलं.

सगुणी रडली नाही. तिनं आपली कळशी डोक्यावरून उतरवली आणि हौसाच्या घागरीत ओतायला पुढं झाली.

हौसानं घागरीवर हात झाकला. "नको. तुझं घेतलं तर मीही लिंबूच झाले."

मग सगुणीनं आपली कळशी तिथंच उपडी केली, सगळीच्या सगळी. बेडूक बुडता बुडता वाचला. आणि ती वरच्या पोरींना ओरडली, "ए! परत फिरा! झऱ्यावर चला! ही शर्यत खोटी आहे!"

हाक कड्यावर आपटून परत आली. खोटी आहे, खोटी आहे, खोटी आहे. ती वेशीपर्यंत गेली. तिथं शिंग तोंडाला लावून बसलेल्या म्हाताऱ्या गुरवानं ती ऐकली आणि शिंग खाली ठेवलं.

पाथरवट शिळेमागून बाहेर आला. लपून राहण्यात आता काही अर्थ नव्हता.

"सगुणे, तू हसावीस म्हणून केलं गं."

सगुणीनं त्याच्याकडे बघितलं. "बाबा, म्हणजे तू माझ्याशी एकदाही खेळलाच नाहीस?"

पाथरवटानं आयुष्यभर दगड फोडले होते. एका घावात दगड कसा दुभंगतो हे त्याला ठाऊक होतं. आपण स्वतः दुभंगलो तर कसं वाटतं, हे त्या दिवशी कळलं.

शर्यत पुन्हा झाली. कुणीही मान तिरकी केली नाही. हौसा पहिली आली. अर्धं बोटसुद्धा पाणी कमी नव्हतं. सगुणी शेवटची आली, पाच बोटं सांडून. शिंग वाजलं, हौसाची घागर रांजणात रिकामी झाली. जरा वेळानं पहिला वाटसरू आला, पाणी प्यायला आणि विचारलं, "पाणी कुणाचं?"

सगुणीचा आवाज जरा चिरकला, पण सगळ्यात आधी तिनंच सांगितलं. "हौसाचं."

गर्दीत गुराखीण उभी होती. पाथरवटानं तिच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. त्या घरी तो पुन्हा गेला तो माफी मागायला.

पुढचे सात दिवस सगुणी हौसाबरोबर पाण्याला गेली. पाथरवट एकटा उतरायचा, एकटा चढायचा. खंड्या दिसायचा, पण कुणाला दाखवणार? कड्यावर हाक मारली तर त्याचीच हाक परत यायची. घागर काठोकाठ घेऊन तो अंगणात आला की बायको बोटं लावून बघायची.

"वा! आज एक थेंब कमी नाही. कुणाला हरवलंत?"

आठव्या दिवशी सगुणी चुंबळ घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. "चल. पण खरं खेळायचं."

"खरं," पाथरवट म्हणाला.

ती हरली. दुसऱ्या दिवशी हरली. तिसऱ्या दिवशी रागानं तिनं चुंबळ भिंतीवर मारली आणि जेवली नाही. पाथरवटाला रात्रभर ओंजळभर पाण्याची आठवण येत राहिली. पण चौथ्या दिवशीही तो खराच खेळला, आणि हरलेली पोर पाठीमागून विचारत आली, "बाबा, चढावर तू पाय कसा टाकतोस, ते दाखव ना." एवढ्या वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं. सतत जिंकणाऱ्याला विचारायचं काय असतं?

वैशाख गेला. ज्येष्ठ निम्मा झाला. एका सकाळी आईनं बोटं लावली, पुन्हा लावली.

"यांची घागर, एक बोट. सगुणीची कळशी..." ती थांबली. "दीड."

"हरले!" सगुणी ओरडली. "बाबा, अर्ध्याच बोटानं हरले!" आणि ती अंगणभर नाचली. इतकी ती जिंकल्यावरही कधी नाचली नव्हती.

सांगायचं ते इतकंच: मुद्दाम हरून लेकराला दिलेला विजय कधीच फुकट मिळत नाही, तो दुसऱ्या कुणाच्या तरी भरल्या घागरीतून सांडलेला असतो.

शिळेपाशी आता गवत नाही. डबकं आटलं तेव्हा बेडूक पाथरवटाला शिव्या देत दरीकडं निघाला, आणि तीन दिवस उड्या मारत मारत झऱ्यावर पोहोचला. तिथं सगुणी कळशी भरत होती. तिला बघून तो दगडावर चढला, उड्या मारून बळकट झालेल्या आपल्या पायांकडं जरा वेळ नवलानं बघत राहिला, आणि म्हणाला,

"पोरी, सांडलेल्या पाण्यावर डबकं भरतं गं, पाय भरत नाहीत."