पळीचा उपवास

आमच्या टेकडीवरच्या मठात माझ्या हाताला जी चव आहे, ती देवाच्याही हाताला नाही. देव स्वयंपाक करत नाही, म्हणून माझा पहिला नंबर.

तर असा मी, मठाचा आचारी, त्या दिवशी तावातावानं विचारत होतो, “मग माई, हीच पोरं घरी गेली की स्वयंपाकाची माती का करतात?”

येसूमाई म्हणजे मठाच्या मुख्य. तोंडात दात दोन, तेही एकमेकांशी न बोलणारे. खालच्या वाडीतली आईबापं पहाटेच वीटभट्टीवर जातात. मागं धाकट्यांचं खाणंपिणं थोरल्या भावंडांकडे. ती पाच रुपयांची वेफर्सची पुडी फोडून द्यायची. धाकट्यांचे दंड पळीच्या दांड्याएवढे झाले. म्हणून माईंनी सहा थोरली पोरं माझ्या हवाली केली होती. नाचणीची आंबील, मोडाची मटकी, शेवग्याचा पाला… दोन महिने शिकवलं. मठात वाहवा. वाडीत पुन्हा पुडी.

“हाताला चवच नाही त्यांच्या,” मी म्हणालो. “इथं मी असतो म्हणून निभतं.”

माईंनी माझ्या हातातल्या पळीकडे पाहिलं.

“उद्या उपवास धर.”

“एकादशी तर झाली की, माई.”

“पळीचा धर. चुलीपाशी फिरकायचं नाही.”

मी हसलो. पण एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. पोरांची पाठ फिरली की देवापुढं आलेल्या तुपाची, जिऱ्याची खमंग फोडणी मी पळीभर त्यांच्या पातेल्यात सोडायचो. लोक बोटं चाटत म्हणायचे, “काय आचारी तयार केलेत बुवा!” आणि मी मिशीत हसायचो.

दुसऱ्या दिवशी हौशीनं मटकी केली, शेवग्याचा पाला घालून. त्या सहांतली तेरा वर्षांची पोर. चाखली, आणि तोंड उतरलं.

“आचारीबाबा, बिघडली. घरी होते तश्शीच झाली.”

मी छताची कौलं मोजू लागलो.

“वाढ,” माई म्हणाल्या.

माईंनी खाल्ली. पुन्हा मागितली. मग हौशीचा धाकटा भाऊ गुण्या, त्याला मांडीवर घेऊन वाटी त्याच्या हातात दिली. गडी वाटीत नाकापर्यंत शिरला.

हौशी बघतच राहिली. “घरी तर हा तोंड लावत नाही!”

“घरी वाढताना काय म्हणतेस गं त्याला?” माईंनी विचारलं.

“काय म्हणणार… ‘आज पण बिघडलीय रे, पण खा.’”

माईंनी माझ्याकडे पाहिलं. गुण्या वाटी चाटत होता.

आता थट्टा करून निसटायची माझी जुनी खोड. पण त्या दिवशी एकही थट्टा सुचेना. पळीची सगळी हकिकत हौशीसमोरच सांगून टाकली. पोरगी एकदा माझ्याकडे, एकदा पातेल्याकडे बघत राहिली.

“पण माई, पोरांचं नाव व्हावं म्हणूनच घालत होतो हो!”

“मग त्यांची पाठ फिरायची वाट कशाला बघायचास?”