खणातला नारळ

घाटरस्ता अजून कच्चा होता, त्या काळची ही गोष्ट. केरबाने नवी जीप घेतली, देवळात पूजा केली आणि परत मिळालेला नारळ न फोडता गाडीच्या पुढच्या खणात ठेवला, राखणीला म्हणून. तेव्हापासून नारळ स्वतःला जीपचा कोतवालच समजू लागला.

वर्षभराने प्रत्येक खड्ड्याला कुठूनतरी खुळखुळ ऐकू येऊ लागली. नारळाने कान टवकारले. "हा आरसाच! सगळ्यांची तोंडं न्याहाळत असतो. याच्या पोटात काहीतरी आहे." पुढच्या खड्ड्याला त्याला दाराचा संशय आला, त्याच्या पुढच्याला सीटचा. त्याचं ऐकून दार आरशाशी बोलेना, आरसा सीटकडे बघेना.

वैतागून केरबाने इब्राहिम मिस्त्रींना शेजारी बसवून गाडी हाकली. मिस्त्रींनी आरसा आवळला, दाराला नवं रबर लावलं, सीट खोलून पुन्हा बसवली. खुळखुळ काही थांबेना.

"आम्ही नाही हो!" तिघेही रडकुंडीला आले.

"चोराच्या उलट्या बोंबा!" नारळ गरजला.

शेवटी मिस्त्रींनी गाडी उभी करायला लावली, इंजिन बंद करवलं आणि खण तपासायचा म्हणून नारळ बाहेर काढला. सहज कानाशी धरून हलवला.

"केरबा, आतलं खोबरं सुटलंय की रे! पार गोटा झालाय याचा."

नारळ मात्र मिस्त्रींच्या हातातूनच ओरडत होता, "ऐका, ऐका! गाडी उभी आहे तरी वाजतंय! आता तरी त्या सीटला धरा!"