दोराच्या टोकाचा माणूस

सह्याद्रीच्या एका उंच कड्याखाली लहानसे गाव होते. तिथे नावजी नावाचा एक मध काढणारा राहत असे. कड्याच्या पोटाला आग्या मोहोळे लोंबत. कमरेला दोर बांधून वरून खाली उतरायचे आणि मोहोळ कापायचे, हा त्याचा धंदा. वर दोर धरणाऱ्याचा हात सुटला की माणूस गेलाच.

म्हणून गावात एक रीत होती. दोर धरायचा तो मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या भावाने. सख्ख्या भावाच्या हाती दोर देत नसत, त्याला शेताचा वाटा दिसतो. मेहुण्याला मात्र बहिणीचे कुंकू राखायचे असते. जुनी माणसे मोठी हिशोबी! नावजीचा दोर त्याचा मेहुणा चिंधू धरी. बारा वर्षे धरला, एकदाही बोट ढिले झाले नाही.

त्या साली नावजीची बायको सकू तापाने वारली. दिवस झाले, दुःख थोडे निवले, आणि मोहोळे मधाने भरली. गावाला दुसऱ्याच्या घरची काळजी नेहमीच फार. गोमा म्हातारा पारावरून म्हणाला, "नावजी, जरा इचार कर. आता तू पडलास तर चिंधूच्या घरातलं कुणाचं कुंकू पुसतंय?"

नावजीने हसण्यावारी नेले, पण शब्द मनात रुतला. त्याला चिंधूचे साधे बोलणेही तिरके वाटू लागले. एकदा संशयाचे भूत मानगुटीवर बसले की ते भाकरीही गोड लागू देत नाही. शेवटी त्याने स्वतःच्या मते मोठी अक्कल लढवली. झाडाला ना बहीण, ना लोभ. दोर झाडालाच बांधावा!

दुसऱ्या दिवशी सकाळी कड्यावर चिंधूने नेहमीसारखा दोर उचलला. नावजी त्याच्याकडे न बघता म्हणाला, "दोर जांभळीला बांधलाय. तू नुसती टोपली वढ."

चिंधूला काय ते समजले. बिचाऱ्याचा चेहरा उतरला. "बरं दाजी," एवढेच तो बोलला आणि टोपलीची दोरी घेऊन बसला.

नावजी माश्या हुसकायला धुमसत्या गवताची पेंढी घेऊन खाली उतरला. दोन टोपल्या मध वर गेला. तिसरी भरत असताना वर कडकड आवाज झाला. जांभळीची मुळे खडकाच्या फटीत कुजली होती. झाड मुळासकट कलले आणि दोर सैल पडला. नावजी दोन हात खाली घसरला. खाली पाचशे हात दरी होती. त्याने डोळे मिटले.

तेवढ्यात दोर ताणला गेला. चिंधूने टोपली सोडून दोरावर झेप घेतली होती. पाय दगडाला रोवून तो मागे रेलला होता. खवळलेल्या माश्या त्याच्या तोंडावर, मानेवर, पापण्यांवर तुटून पडल्या. एक हात सोडून त्या झटकाव्यात, असे कुणालाही वाटले असते. चिंधूने हात सोडला नाही. "या वर, दाजी!" तो ओरडत राहिला.

नावजी दोराला धरून वर आला. चिंधूचे डोळे सुजून बंद झाले होते, तळहात सोलून निघाले होते. नावजी त्याच्यासमोर मटकन बसला. त्याला रडू आवरेना.

"का रं धरलास? आता सकू न्हाई, मी तर तुला लांब बसवलं."

चिंधू म्हणाला, "बारा वर्सं दोराला तुमीच लोंबत व्हता, दाजी. सकू कदी व्हती का?"

नावजीने त्याला खांद्यावर घेतले आणि तसाच गावात आणला. पारावर उभा राहून तो सगळ्यांदेखत ओरडला, "ऐका रं! म्या शहाण्यानं झाडावर इस्वास ठेवला आन् या माणसावर न्हाई! झाड गेलं, माणूस टिकला!" संबळ वाजू लागला. बायांनी चिंधूला ओवाळले. गोमा म्हाताऱ्याने फेटा काढून त्याच्या डोक्यावर ठेवला. वर्षाचा पहिला मध देवाला दाखवला, आणि दुसरा घास नावजीने चिंधूला भरवला. सुजलेल्या तोंडाने तो असा हसला की सारे गाव हसले.

त्या दिवसापासून त्या गावात दोर कोण धरणार हे ठरवताना कुणी नाते विचारत नाही. माणूस कसा आहे, ते विचारतात.

तात्पर्य: नाते स्वार्थापुरते असेल तर स्वार्थ संपताच तुटते, खरा स्नेही संशयाचा अपमान गिळूनही संकटात हात सोडत नाही. म्हणून लोकांच्या बोलण्यावरून नव्हे, आजवरच्या वागण्यावरून माणूस पारखावा.