पोकळ खोडाची खूण

ऐन, सावर आणि पळसाच्या एका दाट जंगलात एक सुतार पक्षी राहत असे. डोक्यावर लाल तुरा, चोच धारदार, आणि काम असे नेकीचे की त्याने कोरलेल्या ढोलीत पावसाचा थेंब शिरत नसे. त्याला एक पाठचा भाऊ होता. मुलांनो, सुतार पक्ष्यांच्या घराण्यात एक जुनी रीत आहे. ती आधीच नीट ऐकून ठेवा, कारण पुढे तिचेच काम पडणार आहे. नव्या झाडावर थोरल्याने आधी चढायचे आणि चोचीने खोड वाजवून पाहायचे. खोड भरीव निघाले तर सावकाश दोन ठोके द्यायचे, म्हणजे मागच्याने बेलाशक यावे. खोड आतून कुजलेले, पोकळ निघाले तर भराभर तीन ठोके द्यायचे, म्हणजे मागच्याने काही विचारत बसू नये, पंख पसरावेत आणि उडावे. धाकटा लहानपणापासून या ठोक्यांवर विसंबून वाढला होता. थोरल्याने त्याला एकदाही चुकीची खूण दिली नव्हती आणि त्याचा त्याला मनातून अभिमान होता.

एका उन्हाळ्यात जंगलाला वणवा लागला. निम्मी झाडे जळाली, उरलेल्यांपैकी बरीच उभ्या उभ्या वाळली. जळक्या खोडात ना किडा, ना मुंगी. दिवसभर ठोकून ठोकून मान दुखायची आणि संध्याकाळी रिकाम्या चोचीने घरी येऊन पिल्लांपुढे उभे राहायचे, याहून वाईट दुसरे काही नसते. असे दोन पावसाळे गेले. मग एके दिवशी तिथे टकाचोर आला. लांब शेपटीचा, गोड गळ्याचा हा पक्षी मुकादमी करत असे. वाळूच्या ओसाड पट्ट्यापलीकडे पोपटांचा मुलूख आहे, असे त्याने सांगितले. तिथे खजुरीच्या बागाच बागा आहेत. पोपटांना राहायला ढोल्या हव्यात, पण त्यांच्या वाकड्या चोचीने एकही कोरून होत नाही. तीन वर्षे काम करा, पोटभर खा, दर हिवाळ्याला घरी खारका पाठवा आणि मग सुखाने परत या, असा त्याचा वायदा होता. आता ज्याच्या नावातच चोर बसला आहे त्याच्यामागे कोणी जावे का, असे तुम्ही विचाराल. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, पण ते म्हणणाऱ्यांचे पोट बहुधा भरलेले असते. थोरल्याने बायकोचा निरोप घेतला, धाकट्याला घर सांभाळायला सांगितले आणि तो निघाला.

पोपटांच्या मुलखात उतरल्याबरोबर मुकादमाने प्रत्येकाला पंख पसरायला लावले. "तुमचे काम खोडावरचे," तो म्हणाला. "चढायला पाय आहेत, कोरायला चोच आहे, टेकायला शेपटी आहे. मग ही लांब पिसे वाळूत कशाला झिजवता? मी जपून ठेवतो, जाताना घेऊन जा." आणि त्याने दोन्ही पंखांतली लांब पिसे कातरून घेतली. कातरलेले पीस पंखाला पुन्हा चिकटत नाही, ही साधी गोष्ट त्या वेळी कोणाच्या लक्षात आली नाही. पुढे पिसे झडून नवी फुटायचा हंगाम आला की मुकादम न चुकता हजर व्हायचा आणि नव्या पिसांचीही तशीच काळजी घ्यायचा.

काम उन्हाच्या तडाख्यात चाले. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण तुम्हाला माहीत आहे. इथले नागोबा हिरवे होते आणि त्यांच्या चोची लाल होत्या, एवढाच काय तो फरक. ढोली पुरी झाली की पोपटांचे जोडपे यायचे, आत जाऊन फिरून बघायचे आणि राहू लागायचे. ती कोणी कोरली हे विचारायची त्यांना कधी गरज पडली नाही. थोरल्याने कितीतरी ढोल्या कोरल्या, पण झोपायचा मात्र तो उघड्या खोडाला नखे रोवून. खाणे मोजून मिळे. त्यातल्या चार खारका तो स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन घरासाठी बाजूला ठेवत असे.

दर हिवाळ्याला एक करकोचा थव्यामागून दक्षिणेकडे जाई. तो खाली उतरून सगळ्यांचे निरोप आणि गाठोडी घेई. पहिल्या वर्षी त्याने विचारले तेव्हा थोरल्याने खरे सांगायला चोच उघडली होती. पण खरे ऐकून बायकोच्या घशाखाली घास उतरणार नाही, असे त्याच्या मनात आले. आणि खोटे कशाला बोला, त्याच्या मनात आणखीही एक गोष्ट आली. एवढ्या थाटाने गेला आणि फसला, असे सारे जंगल म्हणेल. तेव्हा तो म्हणाला, "इकडील सर्व खुशाल आहे. काळजी नसावी." दुसऱ्या वर्षी त्याने तेच सांगितले. तिसऱ्या वर्षी तर विचारही करावा लागला नाही. खोटे बोलायची त्याला लाज वाटे, पण खरे सांगायची लाज त्याहून मोठी होती. तीन वर्षे भरली, मुकादमाने पुन्हा पिसे कातरली आणि 'पुढच्या हंगामात बघू' म्हणाला.

शेजारच्या झाडावर दुसऱ्या एका जंगलातून आलेला म्हातारा सुतार पक्षी काम करत असे. एके दुपारी गरम वाऱ्याचा झोत आला आणि त्याचा पाय सुटला. पडता पडता त्याने सवयीने पंख पसरले. पंखांत हवा धरायला काही नव्हतेच. पक्षी झाडावरून पडून मेला, असे थोरल्याने जन्मात ऐकले नव्हते, आणि आता ते त्याने डोळ्यांनी पाहिले. चार दिवसांनी करकोचा आला आणि म्हाताऱ्याचा निरोप विचारू लागला. मुकादम चटकन म्हणाला, "खुशाल आहे, कामात आहे, असे सांग." थोरल्याने ते ऐकले. त्याने आपल्या चार खारका बांधून दिल्या आणि आपलाही नेहमीचा निरोप दिला. त्या दिवशी आपण काय केले, हे त्याला पुढे आयुष्यभर टोचत राहिले.

हिवाळा सरत आला. करकोचा परतीच्या वाटेवर बागेत उतरला आणि त्याच सकाळी मुकादम सुतार पक्ष्यांची नवी टोळी घेऊन आला. ती थोरल्याच्याच झाडापाशी येऊन थांबली. सर्वांच्या पुढे त्याचा धाकटा भाऊ होता. सारे पंख भरलेले, तुरा ताठ. थोरल्याने आपले पंख अंगाशी घट्ट दाबून धरले आणि खोडाच्या सावलीत सरकला.

धाकटा खोडाच्या बुंध्याशी येऊन बसला. "दादा, खारका फार गोड होत्या," तो म्हणाला. "वहिनी सगळ्यांना एक एक तुकडा देऊन सांगायची, हे तिकडे सुखात आहेत म्हणून. मग मी म्हटले, आपणही जावे." घरचा सूर तीन वर्षांनी कानावर पडला होता. खरे सांगतो मुलांनो, क्षणभर थोरल्याला आनंदच झाला. आता आपण एकटे नाही, भाऊ जवळ राहील, असे त्याला वाटले. नुसते गप्प बसले की झाले. जंगलातले नाव राहील आणि शेजारच्या झाडावर, म्हाताऱ्याच्या जागी, धाकटा काम करील.

म्हाताऱ्याच्या जागी, हे मनात आले आणि थोरल्याला पडता पडता पसरलेले ते कातरलेले पंख आठवले. खाली मुकादम म्हणत होता, "चला, पंख पसरा. पिसे मी जपून ठेवतो." धाकट्याने पंख पसरला, पण कातरायच्या आधी त्याने वर पाहिले. नव्या झाडावर पाऊल टाकण्यापूर्वी तो लहानपणापासून जसे पाहत आला होता, तसेच त्याने पाहिले. थोरल्याने सगळा जीव एकवटून खोडावर भराभर तीन ठोके मारले.

धाकट्याने काही विचारले नाही. विचार करण्याआधीच त्याचे पंख त्याला वर घेऊन गेले आणि मुकादमाची चोच हवेत मिटली. थोरला सावलीतून बाहेर आला. सगळ्यांच्या देखत त्याने आपले कातरलेले पंख पसरले.

"हे बघ," तो म्हणाला. "मला इथून हलता येत नाही. शेजारचा म्हातारा असाच पडून मेला. मी घरी पाठवला तो प्रत्येक निरोप खोटा होता. मला फसलो म्हणायची लाज वाटत होती. मागे फीर आणि जंगलात सगळ्यांना खरे सांग."

मग लांबच्या एका खजुरीवरून तीन भराभर ठोके ऐकू आले. मग दुसरीवरून, मग तिसरीवरून. त्या मुलखातला प्रत्येक सुतार पक्षी आजवर घरी खुशालीच कळवत आला होता, आणि आज पहिल्यांदा एकमेकांना खरे कळत होते. करकोचा एका पायावर उभा राहून ऐकत होता. "तुम्ही सगळे दरसाल एकच वाक्य सांगता," तो म्हणाला. "मला वाटायचे, खरेच सुखात असाल."

"त्या म्हाताऱ्याच्या घरी काय सांगितलेस?" थोरल्याने विचारले. करकोच्याने मान खाली घातली आणि आपण स्वतः उलटे जाऊन खरे सांगून येतो म्हणाला. नवी टोळी आली तशी धाकट्यामागून निघून गेली. थोरल्याला सोडून जाताना धाकटा दोनदा मागे वळला, पण थोरल्याने त्याला थांबू दिले नाही.

मुकादमाने थोरल्याचे खाणे निम्म्यावर आणले. ते दिवस फार वाईट गेले. पण पोपटांना ढोल्या हव्याच होत्या, तेव्हा मुकादमाला पुन्हा टोळ्या शोधायला निघावे लागले. तो जळक्या जंगलात गेला आणि गोड गळा काढून बोलू लागला, तर खोडाखोडावरून तीन तीन ठोके पडले. तो दुसऱ्या जंगलात गेला. खरा निरोप त्याच्याआधीच तिथे पोचला होता. असा तो वणवण भटकत राहिला आणि इकडे पिसे फुटायचा हंगाम आला, सरलाही. पोपटांना कोणाची पिसे कधी कातरतात हे ठाऊकच नव्हते. एका पहाटे सगळ्या सुतार पक्ष्यांनी पंख झटकले आणि वाळूचा पट्टा ओलांडायला सुरुवात केली.

थोरला घरी पोचला तेव्हा त्याची चोच झिजून बोथट झाली होती. पिल्ले उडती झाली होती, त्यांनी त्याला ओळखले नाही. बायकोने खारकांची चौकशी केली नाही. तिने आधी त्याचा एक पंख उचलून पाहिला, मग दुसरा, आणि मग ती रडली.

दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ पोट भरायला निघाले. जळलेल्या एका ऐनाला बुंध्यातून नवी पालवी फुटली होती. झाडापाशी येऊन थोरला थांबला. "आता तू पुढे हो," तो म्हणाला. "माझ्या ठोक्यावर विश्वास ठेव म्हणायला मला तोंड राहिले नाही."

धाकटा जागचा हलला नाही. "दादा, निरोप तू खोटे पाठवलेस," तो म्हणाला. "खूण मात्र एकदाही खोटी दिली नाहीस."

थोरला हळूहळू खोडावर चढला, बोथट चोचीने त्याने खोड इथेतिथे वाजवून पाहिले आणि बराच वेळ कान देऊन ऐकले. मग त्याने सावकाश दोन ठोके दिले, आणि धाकटा त्याच्यामागून वर आला.

तात्पर्य : आपली लाज झाकण्यासाठी कळवलेली खोटी खुशाली आपल्याच मागून येणाऱ्याचा घात करते, म्हणून वाटेवर जो पुढे गेला, त्याने मागच्यांना वाट आहे तशी सांगावी.